सर्वांना बसेल

ज्या वर्षी माझ्या मुलाचा पहिला दात वर आला आणि सासऱ्यांचा शेवटचा पडला, त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला वाऱ्याच्या मनोऱ्यावर नोकरी लागली. घरात दातांचाच विषय चालला होता, त्यामुळे तिच्या नोकरीचं कौतुक लवकरच आटोपलं.

आमच्या ह्यांनी तेवढं विचारलं, "वारा मोजायचा म्हणजे काय करायचं? तराजू घेऊन जाणार का?"

धाकटी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कापूस तोलता तसंच आहे ते. फक्त माझा माल हातात येत नाही."

ह्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. शिलाईला मी बसायची. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात शिकली ती धाकटीच. मी तिला मांडीवर घेऊन वाढवलं, पण ती काय शिकते हे मला कधी नीट कळलं नाही. एवढं कळायचं की वर्गात ती एकटी मुलगी असायची, आणि घरी आली की फार बोलायची, जणू दिवसभराचं बोलणं साठून राहिलेलं असायचं.

मनोरा शहराबाहेरच्या माळावर होता. सगळा लोखंडी, आतून शिडी, आणि थोड्या थोड्या उंचीवर बाहेर काढलेले दांडे. प्रत्येक दांड्याच्या टोकाला तीन वाट्या वाऱ्याने गरगर फिरायच्या. धाकटीने मला समजावलं होतं, की जमिनीजवळचा वारा झाडांत नि घरांत अडखळत चालतो, आणि वर वर गेलं की तोच मोकळा होतो. किती उंचीवर किती मोकळा होतो, ते तिला शोधायचं होतं. धूर कुठे जाईल, उंच इमारत किती हलेल, हे म्हणे त्यावरून सांगता येतं. मला त्यातलं 'अडखळत चालतो' एवढं पटलं. आमच्या गल्लीतला वारा तसाच चालायचा.

पण तिला वर जाताच येईना.

वर जायचं तर अंगाला पट्टा बांधावा लागे. दोन पट्ट्या खांद्यांवरून, दोन मांड्यांमधून, आणि छातीवर बकल. मनोऱ्याचा सगळा कारभार एका मिस्त्रीकडे होता. जो कुणी चढणार असेल त्याला तो समोर उभा करायचा, बकलाखाली स्वतःची मूठ घालायचा आणि खस्सकन ओढायचा. मूठ आत शिरली की माणूस खाली. मोठा साहेब असला तरी खाली. पूर्वी कधी त्याच्या डोळ्यांदेखत एक माणूस सैल पट्ट्यातून निसटला होता, तेव्हापासून त्याची ही मूठ.

धाकटी म्हणजे काडी. पट्टा अगदी शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी मिस्त्रीची मूठ आरामात आत जायची.

"बाई, तुम्ही ह्यात दोघी मावाल," मिस्त्री म्हणाला. "मी काही तुम्हाला वर सोडणार नाही."

"मग लहान पट्टा मागवा ना."

"लहान नसतो. एकच येतो."

तो खोटं बोलत नव्हता. तिथे आजवर एकच येत होता, कारण तिथे आजवर पुरुषच येत होते.

मग तिच्या वाट्या दुसरे लोक वर नेऊन बसवायचे. एक होता, त्याला सगळे लांब्या म्हणायचे. त्याने धाकटीच्या वाट्या मनोऱ्याच्या आडोशाच्या बाजूला बसवल्या. वारा लोखंडाला आपटून मग वाट्यांपर्यंत पोचणार, तर आकडे कमीच येणार. धाकटीने आकडे बघून सांगितलं की वाट्या चुकीच्या बाजूला लागल्या आहेत.

लांब्या म्हणाला, "बाई, तुम्हाला खाली बसून वारा दिसतो का?"

सगळे हसले. वाट्या तिथेच राहिल्या.

साहेबांनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की सहा महिन्यांत वर जाता आलं तर ठीक, नाहीतर तिला कायमचं टेबलावर घेऊ. दुसऱ्यांनी आणलेले आकडे उतरवायला माणूस हवाच आहे. "खुर्ची आहे, पंखा आहे. मनोऱ्यावर काय आहे? ऊन."

घरी येऊन ती मला म्हणाली, "ताई, वाऱ्याचं शिकले आणि आता पंख्याखाली बसवतायत." हसत म्हणाली, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

पुढच्या सुट्टीला ती पट्टाच घेऊन आली. कुठे आवळता येईल का ते बघ म्हणाली. मी तो मांडीवर पसरून चांगला न्याहाळला. शिवण अशी पक्की, की बघून जीव खूश झाला. कात्री लावायची नव्हती. लावली असती तर मिस्त्रीला लगेच दिसलं असतं आणि त्याने पट्टाच मोडीत काढला असता. आतल्या बाजूला एक चिंधी शिवलेली होती, तिच्यावर काहीतरी छापलेलं. त्या दिवसांत धाकटी मला अक्षरं शिकवत होती. माझा मुलगा शाळेत जायच्या आत आपल्याला यावं अशी माझी हौस.

"वाच," ती म्हणाली.

मी बोट ठेवून ठेवून वाचलं. "स... र्वां... ना. ब... से... ल."

कुणाच्या मदतीशिवाय मी वाचलेली ती पहिली ओळ. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि असं हसू फुटलं की हे दुकानातून धावत आत आले.

"सर्वांना म्हणजे कुणाला गं?" मी विचारलं.

"मिस्त्रीला विचारते," ती डोळे पुसत म्हणाली.

पट्टा लहान होत नसेल तर बाईच मोठी करावी, हे मला तेव्हा सुचलं. गादीवाल्याच्या घरात दुसरं काय सुचणार? मी तिचं माप घेतलं आणि तिला कापूस भरलेली एक बंडी शिवून दिली. ती घालून ती मिस्त्रीसमोर उभी राहिली. त्याने मूठ घालून ओढलं तसा कापूस दबला आणि मूठ आत गेली. ती परत आली तेव्हा माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. गादी मऊ हवी, ही मऊ कशाला? मग मी कापसाऐवजी जाड नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, थर घेतले, एकावर एक ठेवून दाभणाने असे टाचले की त्यात बोट रुतेना. मांड्यांसाठी वेगळ्या गुंडाळ्या केल्या. शिवताना बोटांची सालटी निघाली.

ह्यांनी ती बंडी हातात घेऊन बघितली. "हिच्यावर कुणी झोपलं तर पाठ मोडेल," म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी पावतीच.

या खेपेला मिस्त्रीची मूठ अडली. त्याने तिच्याकडे बघितलं. उन्हाळ्याचे दिवस होते.

"आत काय घातलंय?"

"स्वेटर."

"ह्या उन्हात?"

"मला थंडी वाजते."

तो पुन्हा एकदा ओढून बघून बाजूला झाला. "जा," म्हणाला.

त्या दिवशी धाकटी वर गेली, तिने आपल्या हाताने वाट्या मोकळ्या बाजूला लावल्या आणि खाली आली. नोकरी राहिली. काम तिचंच राहिलं. आणि तिथल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं, हुडहुडी.

पुढे ती नावाजली. तिने काढलेल्या आकड्यांवरून बाहेरचे लोक तिला विचारायला यायचे. मनोऱ्यावरच्या सगळ्या यंत्रांची देखरेख तिच्याकडे आली. साहेब बदलले, लांब्या बदलून गेला, पण हुडहुडी हे नाव राहिलं. नवीन माणूस आला की जुने त्याला सांगायचे, "त्या मॅडमना बारा महिने थंडी वाजते, खिडकी उघडायची असेल तर आधी विचार." त्यांना ती थट्टाच वाटायची, आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची.

त्या हसण्याची काय किंमत होती ते मला ठाऊक आहे, कारण बंडी धुवायला माझ्याकडे यायची. मनोऱ्याजवळ ती भाड्याने राहायची त्या खोलीबाहेरच्या दोरीवर वाळत घातली असती तर सगळ्यांनी बघितली असती. ती पिशवीत घालून बसने माझ्याकडे आणायची. मी ती सोडवायची, नमदा उन्हात टाकायची, पुन्हा टाचायची. धाकटीच्या पाठीवर, छातीवर घामोळ्यांचे लाल चट्टे असायचे. मी त्यावर पावडर लावायची आणि ती लहानपणीसारखी मान खाली घालून बसायची.

"खा गं दोन घास जास्त," मी म्हणायची. "जाड झालीस तर माझं काम वाचेल."

"खाते तर. वारा लागतो ताई, अंगी लागत नाही."

दुपारी काम थांबलं की तिथले लोक वरचे सदरे काढून पंख्याखाली बसत, डबे खात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. ती मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. कुणी पाठीवर थाप मारली असती तर गादीवर बसावी तसा आवाज आला असता. म्हणून ती कुणाच्या हाताच्या अंतरात उभीच राहायची नाही. सुरुवातीला ते तिला बोलवायचे. ती काहीतरी कारण सांगायची. पुढे पुढे ती गर्विष्ठ आहे असं ठरलं आणि बोलावणं बंद झालं. लग्नाचं मी दोनदा काढून बघितलं. ती म्हणाली, "ताई, मला माणसांजवळ बसायची सवयच मोडलीय."

जुना मिस्त्री निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांचा निरोप घेत तिच्यापाशी आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "बाई, शिलाई कुणाची आहे?"

तिने बंडीवरचा सदरा सारखा केला.

"पक्की आहे," तो म्हणाला. "माझी मूठ अडत होती, माझं काम एवढंच. सांभाळून चढा."

ही गोष्ट मला सांगताना ती रडली होती. इतक्या वर्षांत तिथल्या एका माणसाला ठाऊक होतं, आणि हे तिला तो जाताना कळलं.

तिची नोकरी संपायला दोन-तीन वर्षं उरली असतील, तेव्हा मनोऱ्यावर एक नवीन मुलगी आली. धाकटीनंतरची पहिलीच. हुशार, तुरुतुरु चालणारी, आणि अंगाने धाकटीहूनही बारीक. धाकटीचा आवाज फोनवर किती वेगळा येत होता तेव्हा! "ताई, ती माझ्याबरोबर जेवते. पायऱ्यांवर. मी सांगितलं तिला, आत बैस सगळ्यांत, तर म्हणते, तुम्ही इथे तर मी इथे."

मिस्त्री नवा होता, पण मूठ तीच. मुलगी नापास झाली. ती धाकटीला म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर माझ्याएवढ्याच आहात. तुम्ही कशा चढता?"

धाकटीने तिला आपल्या खोलीवर नेलं, दार लावलं आणि बंडी दाखवली. माझ्याकडून एक नवीन शिवून घेऊ म्हणाली. मुलीने ती हातात घेतली, तिचं वजन बघितलं.

"मॅडम, हे तुम्ही उन्हात घालता?"

"सवय होते."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाईला जमत नाही."

"पण आता तर त्यांना वाटतं की पट्टा सगळ्यांना बसतो," मुलगी म्हणाली. बंडी तिने नीट घडी करून खाटेवर ठेवली. "मी नाही हे घालणार. माझ्या मापाचा पट्टा मागते."

ती साहेबांकडे गेली. हे साहेब तरुण, सभ्य, सगळ्यांना 'बसा' म्हणणारे. ते म्हणाले, "आमच्या मॅडम इतकी वर्षं ह्याच पट्ट्यात चढतायत. कधी तक्रार नाही. तुमच्या एकटीसाठी मागवायचा तर वर काय कारण देऊ?" आणि त्यांनी धाकटीला बोलावलं.

"मॅडम, तुम्हाला पट्टा बसतो ना?"

मुलगी बाजूला उभी होती, धाकटीच्या तोंडाकडे बघत.

"बसतो, सर," धाकटी म्हणाली.

मला तिने सांगितलं ते असं. "ताई, मला वेगळं सांगायचं होतं. पण तोंडातून तेच निघालं. इतकी वर्षं मूठ अडली की मी तेच म्हणत आले होते."

मुलगी दुपारी पायऱ्यांवर आली नाही. महिना संपता संपता तिने दुसरीकडे नोकरी धरली, कुठल्याशा कार्यालयात, दिवसभर खुर्चीवर.

त्या रविवारी धाकटी माझ्या दारात उभी राहिली. पिशवीतून बंडी काढून तिने माझ्यासमोर टाकली.

"उसव हे."

"अगं, का? नीट तर आहे."

"नीट आहे म्हणूनच. उसव."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? माझ्या बोटांची सालटी गेली होती त्यात. "थोडे दिवस उरलेत तुझे," मी म्हटलं. "घाल आणि गुमान निवृत्त हो. आता हे काढलंस तर तुला वर कोण सोडेल? शेवटची वर्षं टेबलावर काढणार का?"

"काढीन."

"मग तेव्हाच टेबलावर बसायचं होतंस की! मला कशाला शिवायला लावलंस?"

ती खाली बसली. "ताई, तू शिवलंस म्हणून मी वर गेले. ते खोटं नाही. पण मी वर गेले म्हणून ती खाली राहिली, तेही खोटं नाही. मी आता काय करू, तू सांग."

हे दारात उभे होते. ते म्हणाले, "अगं, दे ना ब्लेड तिला." मग आम्ही दोघींनी मिळून ती उसवली. नमद्यात तिच्या घामाचे डाग खालच्या थरापर्यंत गेले होते.

पुढच्या चढायच्या दिवशी ती नुसत्या सदऱ्यावर पट्टा बांधून मिस्त्रीसमोर उभी राहिली. त्याची मूठ मनगटापर्यंत आत गेली. तो दचकला.

"मॅडम, तुमचा स्वेटर?"

"थंडी गेली," ती म्हणाली.

तिला कुणी वर सोडलं नाही. वाट्या तपासायच्या राहिल्या, एक वाटी अडकून बसली, आकडे बंद पडले. साहेबांनी बोलावलं. तिने उसवलेल्या बंडीचे तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक तुकडा उचलून बोटाने दाबून बघितला.

"मग मी विचारलं तेव्हा 'बसतो' का म्हणालात?"

तिने तुकडे गोळा करायला घेतले. साहेब लहान पट्टा मागवतो म्हणाले. बाहेर ही गोष्ट पसरली तेव्हा कुणी तिला हुडहुडी म्हणेना. म्हणेना म्हणजे काहीच म्हणेना. इतकी वर्षं थट्टेचं का होईना, एक नाव होतं. आता ती खोलीत आली की सगळे कागदांत डोकं घालायचे. एक वर्षभर ती टेबलावर बसली, पंख्याखाली.

पट्टा आला तेव्हा तिची निवृत्ती तोंडावर आली होती. पट्टा आल्याबरोबर तिने त्या मुलीला फोन लावला. मी शेजारी बसले होते.

"आलाय गं. तुझ्या मापाचा. साहेब तुला परत घ्यायला तयार आहेत."

पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. धाकटी नुसती "हो, हो" करत होती. शेवटी म्हणाली, "नाही गं, रागावू कशाला. तू रुळलीस ना? मग झालं." फोन ठेवला आणि तिने पदराने तो पुसला, उगीच.

चढायच्या दिवशी तिने मला बरोबर नेलं. मनोऱ्याखाली मी पहिल्यांदाच उभी राहिले. मिस्त्रीने मूठ घालून ओढलं. बोटं सुद्धा शिरली नाहीत. ती वर गेली. खालून ती एवढीशी दिसत होती, पातळ सदरा अंगावर फडफडत होता. काम झालं असावं, तरी ती उतरेना. मिस्त्री मला म्हणाला, "मॅडम कधी इतका वेळ थांबत नाहीत."

खाली आली तेव्हा केस विस्कटलेले, डोळे लाल.

"काय झालं गं?"

"काही नाही. वर वारा अंगाला लागतो, ताई."

"मग? इतकी वर्षं काय मोजत होतीस?"

"मोजत होते," ती म्हणाली. "लागला आज."

बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मांडीवर घेतलं होतं तेव्हापासून ती एवढी जवळ कधी बसली नव्हती. मी हललेच नाही. आमचा थांबा मागे गेला तरी बसून राहिले.

निवृत्तीनंतर ती माझ्याकडेच राहिली. मधूनमधून मनोऱ्यावर फोन करायची आणि विचारायची, कुणी नवीन मुलगी आली का? तिकडून नाही म्हणायचे. पट्टा आहे का जागेवर? आहे, खुंटीला आहे, म्हणायचे. त्यावर ती बरं म्हणून फोन ठेवायची.

आमचे हे आधी गेले, धाकटी माझ्याकडे राहायला आली त्या हिवाळ्यात. धाकटी त्यानंतर तिसऱ्या वर्षी गेली, मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, खिडकी उघडी ठेवून झोपली होती ती उठलीच नाही.